जुन्या फोर-बाय-फोरला सस्पेंशन लिफ्ट: उंची वाढते तेव्हा आणखी काय काय बदलतं

जुनी फोर-बाय-फोर हाती आली, की एक सल्ला हमखास मिळतो: 'आधी लिफ्ट करून घे.' व्हिडिओंमध्ये उंच जीप दगडांवरून सहज चढताना दिसतात. लिफ्ट किट म्हणून मिळणाऱ्या खोक्यात चार स्प्रिंग, चार शॉकअप आणि नटबोल्टची एक पिशवी असते. ते पाहिलं की वाटतं, जुन्या स्प्रिंग काढायच्या, नव्या बसवायच्या, दोन दिवसांचं काम. आणि मग तक्रारी सुरू होतात. गाडी सरळ चालत नाही, साठच्या वेगाला खालून घरघर येते, ब्रेक दाबल्यावर पूर्वीचा भरवसा वाटत नाही. खोकं ज्याने विकलं त्याचं म्हणणं, स्प्रिंग तर उत्तम आहेत. तेही खरंच असतं.

दोष बहुतेक वेळा स्प्रिंगमध्ये नसतो. लिफ्ट म्हणजे गाडीच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं अंतर वाढवणं. त्या दोन भागांना जोडणारी प्रत्येक वस्तू, मग ती लोखंडी दांडी असो, रबरी नळी असो की साधी वायर, जुन्या अंतरावर बेतून बनवलेली असते. अंतर बदललं की त्या प्रत्येकीचा नव्याने विचार करावा लागतो. किट विकत घेण्याआधी हे कळलं, तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

नेमकं काय उचललं जातं?

गाडीखाली वाकून पाहिलं तर दोन गट दिसतात. खाली चाकं आणि त्यांना जोडणारे ॲक्सल, म्हणजे आडव्या पोलादी नळ्या. त्यांच्या मध्ये भोपळ्यासारखा फुगीर भाग असतो, तो डिफरेन्शियल. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांमध्ये वाटून देण्याचं काम तो करतो. वर चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी. या दोन गटांच्या मध्ये सस्पेंशन असतं. सस्पेंशन लिफ्टमध्ये ॲक्सल आहे तिथेच राहतात आणि चासीसकट वरचं सगळं वर जातं.

बॉडी लिफ्ट ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात चासी आणि बॉडी यांच्यामधल्या रबरांच्या जागी उंच ठोकळे घालतात. मडगार्डखाली मोठ्या टायरला जागा होते, पण चासी जमिनीपासून होती तेवढ्याच उंचीवर राहते.

इथेच एक मोठा गैरसमज आहे. सलग ॲक्सलच्या गाडीत सस्पेंशन लिफ्टने डिफरेन्शियलची जमिनीपासूनची उंची एक मिलिमीटरनेही वाढत नाही. ते ॲक्सलवर आहे आणि ॲक्सल चाकांवर. वाटेतला दगड लिफ्टच्या आधी जिथे अडत होता, तिथेच नंतरही अडेल. डिफरेन्शियल वर न्यायचं तर टायरच मोठा हवा, आणि टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची मिळते. २९ इंचांच्या जागी ३१ इंचांचा टायर लावला, तर डिफरेन्शियल १ इंच वर जातं.

मग लिफ्टने मिळतं काय? चासीचा पोटाकडचा भाग उंचावतो, म्हणून उंचवट्यावरून जाताना गाडी मध्येच टेकत नाही. दोन ॲक्सलमधलं अंतर २,४०० मिमी आणि मधल्या भागाची उंची ३०० मिमी असेल, तर ढोबळ हिशेबाने गाडी २८ अंशांचा उंचवटा न टेकता पार करते. ५० मिमी लिफ्टनंतर हाच कोन ३२ अंशांच्या थोडा वर जातो. पुढचं बंपर चढावाला लागण्याचा आणि मागचं उतारावर घासण्याचा कोनही सुधारतो, शिवाय मोठ्या टायरला वर-खाली व्हायला जागा होते. एवढा फायदा खरा आहे आणि खडबडीत वाटेवर तो जाणवतो.

आधी गेलेली उंची शोधा

जुन्या गाडीच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच. वीस-तीस वर्षं वजन वाहिलेल्या स्प्रिंग बसलेल्या असतात. पाट्यांची, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगची, कमान सपाट होते, कधी उलटी वळते. म्हणजे आज जी उंची आपण 'मूळ' समजतो, ती मूळ नसते. अशा गाडीवर फॅक्टरीच्या मापाच्या नव्या स्प्रिंग बसवल्या, तरी ती चांगली दिसण्याइतकी वर येते. तिच्यावर ५० मिमीचं किट लावलं, तर प्रत्यक्ष फरक ५० पेक्षा बराच जास्त पडतो, आणि मग 'किट चुकीचं आलं' अशी ओरड होते.

म्हणून आधी मोजमाप. गाडी सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा, आत सामान नाही. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवायचं. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरची झीज आणि हवा यांनी आकडा बदलतो. चार आकडे समोर आले की बरंच कळतं. ड्रायव्हरची बाजू खाली असणं अगदी नेहमीचं, कारण इतकी वर्षं तिथे माणूस कायम बसलेला असतो. आता हे आकडे त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या मापांशी ताडून पाहायचे. तिथे उंची दुसऱ्या कुठल्या ठिकाणाहून मोजलेली असेल, तर आपणही तिथूनच मोजायची.

कित्येक जुन्या गाड्यांना लिफ्टची गरजच नसते, गेलेली उंची परत मिळाली की त्यांचं भागतं. अशा वेळी पैसा नव्या स्प्रिंग, बुश (सांध्यांमधली रबरं) आणि शॉकअपवर घालावा. गाडी जशी डिझाइन केली होती तशी चालू लागते आणि पुढचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

पाटे, कॉइल आणि टॉर्शन बार

सीजे मालिकेतल्या जीप, टोयोटाची ४० मालिकेतली लँड क्रूझर, लँड रोव्हरच्या सीरीज गाड्या, सुझुकीच्या एसजे, या सगळ्यांच्या खाली पाटे आहेत. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचं एक टोक चासीला पक्कं असतं. दुसरं टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला लटकतं, कारण पाटा दबला की लांब होतो आणि त्याला पुढे-मागे सरकायला जागा लागते. ॲक्सल पाट्यांना यू-बोल्टने आवळलेला असतो. पट्ट्यांमधून आरपार जाणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या खाचेत बसतं आणि ॲक्सलची जागा तेच ठरवतं.

पाट्यांची गाडी उचलायचा सरळ मार्ग म्हणजे जास्त कमान असलेले नवे पाटे. बाकीचे सगळे आडमार्ग, आणि प्रत्येकाची काही ना काही किंमत मोजावी लागते.

जुन्या संचात एक पट्टी वाढवली तर उंची येते, पण पाटा कडक होतो. कडकपणा पट्टीच्या जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिमीच्या पट्टीपेक्षा ७ मिमीची पट्टी दीडपटीहून जास्त कडक असते. रोज पाठीत माल लादणाऱ्याला हे चालून जाईल, पण रिकामी गाडी खड्ड्यावर उडते आणि उडालेल्या चाकाची जमिनीवरची पकड सुटते.

लांब शॅकल हा सर्वांत स्वस्त उपाय म्हणून सांगितला जातो. त्यात पाट्याचं एकच टोक खाली जातं, त्यामुळे ५० मिमी लांब शॅकलने गाडी २५ मिमीच उचलली जाते. शिवाय पाटा तिरका होतो, त्याच्याबरोबर ॲक्सलही थोडा फिरतो. लांब शॅकल बाजूला डुलतो तेही जास्त.

तिसरा मार्ग ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालण्याचा. मागच्या ॲक्सलवर, बेताच्या उंचीचा, चांगल्या बनावटीचा एकच ठोकळा चालतो. पुढच्या ॲक्सलवर ठोकळा कधीही नको. ब्रेक लावताना पुढच्या ॲक्सलवर प्रचंड पीळ येतो आणि त्याच क्षणी त्याला वळणाचा भारही सोसायचा असतो. तिथे ठोकळा निसटला, तर गाडी ताब्यात ठेवायला काहीच उरत नाही. ठोकळ्यावर ठोकळा रचणं तर मागेही नको.

कॉइल स्प्रिंगच्या गाडीत स्प्रिंग बदलणं त्या मानाने सोपं, पण तिथे ॲक्सलला जागेवर ठेवणाऱ्या दांड्या वेगळ्या असतात. त्यांच्याकडे पुढे येऊ. पुढची चाकं स्वतंत्रपणे हलणाऱ्या काही गाड्यांत टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाणारी सळई, स्प्रिंगचं काम करते. तिचा एक बोल्ट आवळला की पुढची बाजू वर येते, फुकटात आणि पाच मिनिटांत. पण त्याने चाकाची एकूण हालचाल वाढत नाही, फक्त खालच्या दिशेला उरलेली जागा संपते. चाक खड्ड्यात उतरायला जावं आणि लगेच अडावं, असं होतं. बॉल जॉइंट आणि चाकांकडे जाणारे छोटे शाफ्ट कायम वाकड्या कोनात राहून लवकर झिजतात. हा बोल्ट बसलेली उंची परत मिळवण्यापुरता वापरावा.

प्रोपेलर शाफ्टचा हिशेब

भिंतीला टेकवलेली शिडी डोळ्यांपुढे आणा. शिडीचा पाय जागच्या जागी ठेवून तिचं वरचं टोक आणखी वर न्यायचं, तर दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर शिडी लांब हवी, नाही तर तिचा पाय भिंतीकडे सरकायला हवा. आणि दोन्ही वेळा ती पहिल्यापेक्षा उभी होते. लिफ्टनंतर गाडीखाली नेमकं हेच चालतं.

प्रोपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतून निघतो आणि डिफरेन्शियलला जातो. पेटी चासीबरोबर वर गेली, डिफरेन्शियल खालीच राहिलं. शाफ्ट उभा झाला आणि त्याला लांबही व्हावं लागलं. लांब होण्यासाठी त्याच्यात एकात एक सरकणारे दाते असतात, पण ते किती सरकणार याला मर्यादा आहे.

आकड्यांत पाहू. शाफ्टची आडवी लांबी ६०० मिमी, त्याची दोन टोकं मुळात ८० मिमी वर-खाली. कोन साडेसात अंशांच्या आसपास. ५० मिमी लिफ्ट केली की तो १२ अंशांवर जातो. चाक खड्ड्यात आणखी १०० मिमी लोंबलं तर २१ अंशांवर, आणि तेव्हा शाफ्टला मुळापेक्षा सुमारे ३७ मिमी जास्त लांब व्हावं लागतं. हाच शाफ्ट १,२०० मिमी असता, तर त्याच लिफ्टने कोन चारवरून सहा अंशांवरच गेला असता. म्हणून लांब गाडीला जी लिफ्ट सहज पचते, तीच आखूड जीपला त्रास देते. मित्राच्या गाडीवर जमलं म्हणून आपल्या गाडीवर जमेल, असं धरून चालू नये.

कोन वाढल्याने काय बिघडतं? शाफ्टच्या टोकांना अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस असलेला जॉइंट असतो. वाकड्या कोनात फिरताना हा जॉइंट वेग एकसारखा पुढे देत नाही. प्रत्येक फेरीत शाफ्ट दोनदा किंचित जलद आणि दोनदा किंचित संथ होतो. साडेसात अंशांवर हा चढउतार एका टक्क्याच्या आत असतो, १२ अंशांवर दोन टक्क्यांच्या पुढे. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार उलट्या दिशेने भरून काढतो, पण दोन्ही टोकांचे कोन समान असतील तरच. ठरावीक वेगाला येणारी ती घरघर इथून येते. दुर्लक्ष केलं तर क्रॉस तुटतो, आणि सुटलेला शाफ्ट चालत्या गाडीखाली काय करू शकतो याची कल्पनाही नको.

उपाय आहेत. मागच्या ॲक्सलखाली पाचरीच्या आकाराची पट्टी घालून डिफरेन्शियलचं नाक, म्हणजे जिथे शाफ्ट जोडला जातो तो भाग, हवं तेवढं वळवता येतं. ट्रान्सफर केस काही मिलिमीटर खाली टांगता येते, पण मग पोटाखालची कमावलेली उंची तेवढी परत जाते. लांब दातांचा किंवा दुहेरी जॉइंटचा नवा शाफ्ट हा पक्का उपाय. दुहेरी जॉइंट वरच्या टोकाला असेल, तर दोन्ही कोन समान ठेवण्याचा नियम लागू होत नाही. तिथे डिफरेन्शियलचं नाक जवळपास सरळ शाफ्टच्या दिशेने रोखायचं असतं.

स्टिअरिंग का भरकटतं?

पुढची चाकं ज्या आसाभोवती वळतात तो आस बाजूने पाहिला तर वरच्या टोकाला किंचित मागे झुकलेला असतो. या झुकण्याला कॅस्टर म्हणतात. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते मुख्यतः याच्यामुळे. कॅस्टर कमी झाला की गाडी रस्ता हुंगत गेल्यासारखी इकडेतिकडे जाते आणि हात सतत सावरत राहतात.

कॉइलच्या ज्या गाड्यांत पुढचा ॲक्सल मागून येणाऱ्या दोन लांब दांड्यांनी धरलेला असतो, त्यांत लिफ्ट केली की ॲक्सल फिरतो आणि कॅस्टर घटतो. मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे बुश बसवून तो परत आणता येतो. पाट्यांच्या गाडीत नव्या पाट्यांनी कॅस्टर फारसा हलत नाही. लांब शॅकलने मात्र हलतो. शॅकल पुढच्या पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर घटतो. मागच्या टोकाला असेल तर वाढतो, पण डिफरेन्शियलचं नाक खाली जातं आणि पुढच्या शाफ्टचा कोन बिघडतो. पुढच्या सलग ॲक्सलची हीच अडचण आहे. कॅस्टर आणि शाफ्टचा कोन एकाच नळीला जखडलेले असतात, एक सुधारायला गेलं की दुसरा बिघडतो. लिफ्ट लहान असेल तर दोघांना चालेल असा मध्य सापडतो, मोठी असेल तर सापडत नाही.

कॉइलच्या गाडीत आणखी एक आडवी दांडी असते, पॅनहार्ड रॉड. तिचं एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून ती असते. पुन्हा तीच शिडी: चासीचं टोक वर गेलं, दांडी उभी झाली, आणि ॲक्सल चासीच्या टोकाकडे ओढला गेला. मागून पाहिलं तर एका बाजूचं चाक जास्त बाहेर दिसतं. लांबी बदलता येणारी दांडी लावली की हे सुटतं.

स्टिअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत जाणारी ड्रॅग लिंक हीदेखील तिरकी होते. सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं दिसणं हा त्याचा साधा परिणाम. त्रासदायक परिणाम हा, की चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग स्वतःहून ओढलं जातं. पॅनहार्ड रॉड असलेल्या गाडीत ती आणि ड्रॅग लिंक समांतर राहिल्या पाहिजेत. एकीचंच टोक खाली आणून दुसरी तशीच ठेवली, तर ओढ वाढते.

जुन्या गाडीत यात भर पडते ती झिजलेल्या टाय रॉड एंडची, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांवरच्या सांध्यांची, आणि ढिल्या बुशांची. लिफ्टच्या आधी जो ढिलेपणा जाणवत नव्हता, तो नंतर पुढची चाकं थडथडवण्याइतका मोठा होऊ शकतो. स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांडीचा छोटा शॉकअप, लावला की थरथर दबते, पण कारण तसंच राहतं. आधी ढिलेपणा काढा.

ब्रेक: जिथे सगळ्यात कमी लक्ष जातं

चासीवरून ॲक्सलकडे ब्रेकची रबरी नळी जाते. गाडी उभी असताना ती पुरेशी वाटते. खरी परीक्षा चाक पूर्ण लोंबल्यावर. तेव्हा ती ताणली गेली, तर एखाद्या मोठ्या खड्ड्यात तुटू शकते. लांब नळ्या घ्याव्यात, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही त्या कुठे घासत नाहीत ना हे पाहावं. हँडब्रेकची केबल, ॲक्सलचा श्वास घेणारी बारीक नळी, सेन्सरच्या वायरी असतील तर त्या, सगळ्यांची तपासणी याच अवस्थेत करायची.

अनेक गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक वॉल्व्ह चासीवर असतो आणि त्याची एक बारीक दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. गाडीत माल भरला की चासी खाली येते, दांडी हलते आणि वॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत कमी सोडतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरत नाहीत. आता लिफ्ट केली. चासी वर गेली, आणि वॉल्व्हच्या हिशेबी गाडी कायमची रिकामी झाली. पाच माणसं आणि सामान भरलं तरी मागचे ब्रेक हातचं राखूनच लागणार. पेडल नेहमीसारखं लागतं, गळती कुठे नसते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. त्या दांडीचा बिंदू लिफ्टइतका सरकवला किंवा दांडी तेवढी लांब केली, की वॉल्व्ह पुन्हा खऱ्या वजनावर चालतो. वस्तू क्षुल्लक आहे, पण तुमच्या गाडीत ती आहे का हे पहिल्याच दिवशी पाहा.

'शॉकअप तर किटमध्ये आलेत'

आलेत, पण मापाचे आहेत का? शॉकअपला दोन लांब्या असतात, पूर्ण दबलेली आणि पूर्ण ताणलेली. आखूड शॉकअप ताणून संपला, तर लोंबणाऱ्या चाकाचं सगळं वजन त्याच्या कानांवर येतं आणि ते उपटले जातात. लांब शॉकअप दबून संपला, तर तो आतून फुटतो किंवा चासीवरचं माउंट वाकवतो. म्हणून चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन दोन्ही मापं घ्यायची. धक्का थांबवणारं रबर, म्हणजे बंप स्टॉप, गरजेप्रमाणे खाली आणायचं. शॉकअप आणि टायर दोन्ही आदळण्याआधी रबर टेकलं पाहिजे.

उलटण्याचा धोका

चाकांच्या डाव्या-उजव्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागलं, की गाडी आडवी किती स्थिर आहे याचा ढोबळ आकडा मिळतो. अमेरिकेची रस्ते सुरक्षा यंत्रणा एनएचटीएसए २००१ च्या मॉडेलपासून गाड्यांच्या उलटण्याबाबतच्या मूल्यांकनात हाच आकडा वापरत आली आहे. समजा चाकांमधलं अंतर १,३०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर. आकडा येतो ०.९३. ७५ मिमी लिफ्टने चाकं आणि ॲक्सल वर जात नाहीत, म्हणून गुरुत्वमध्य समजा ६० मिमी चढला. आता आकडा ०.८६. जुन्या आखूड गाड्या मुळातच अरुंद आणि उंच, त्यांच्याकडे उधळायला शिल्लक फार नसते. रोजच्या सरळ रस्त्यावर हा फरक जाणवणार नाही. समोर अचानक कुणी आलं आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवावं लागलं, तेव्हा जाणवेल. 'मी हळूच चालवतो' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, कारण तो प्रसंग आपल्या वेगाला विचारून येत नाही. टपावर जड कॅरिअर आणि सुटं चाक चढवायचा विचार असेल, तर तेही याच हिशेबात धरा.

'मला फक्त मोठे टायर लावायचेत'

मोठा टायर एका फेरीत जास्त अंतर कापतो. २९ च्या जागी ३१ इंची टायर लावला, तर वेगमापक ८० दाखवत असताना गाडी ८५ च्या वर असते. सगळे गिअर साधारण ७ टक्क्यांनी जड होतात, आणि जुन्या कमी ताकदीच्या इंजिनाला चढावर ते समजतं. ब्रेक मात्र तेवढेच राहतात, थांबवायचं चाक मोठं आणि जड होतं. पूर्ण वळवलेला टायर पाट्याला किंवा चासीला घासतो का, हे लिफ्टने सुटत नाही. त्यासाठी चाकाच्या रुंदीचा वेगळा हिशेब करावा लागतो. एक आकार मोठा टायर पुष्कळदा नव्या मूळ मापाच्या स्प्रिंगवरही बसतो. आधी ते तपासा.

मग किती?

माझं मत स्पष्ट आहे. आखूड, पाट्यांच्या जुन्या गाडीला ५० मिमीच्या आत राहावं. तेवढ्यात शाफ्ट, कॅस्टर आणि ब्रेकच्या नळ्या थोड्या दुरुस्तीने जुळवून घेता येतात. त्यापुढे गेलं की एक वस्तू दुसरी मागते, दुसरी तिसरी, आणि खर्च स्प्रिंगच्या कितीतरी पुढे जातो. कायद्याचाही भाग आहे. अनेक देशांत ठरावीक उंचीपुढे तपासणी आणि कागदोपत्री नोंद लागते, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवू शकतो. हे दोन्ही आधी विचारून घ्यावं.

प्रत्यक्ष काम: जुनी गाडी वेळ मागते

बोल्ट सोडण्याआधी शॅकलची आणि पाट्यांची माउंटं चासीला जिथे वेल्ड केलेली असतात तिथला चिखल खरवडून पाहा. गंज पापुद्र्यांनी सुटत असेल, हातोडीच्या टोल्याला खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येत असेल, तर लिफ्ट बाजूला ठेवा. आधी चासी दुरुस्त करा. कडक नव्या स्प्रिंग कुजलेल्या माउंटवर जास्तच भार टाकतात.

पाट्याच्या डोळ्यातला बोल्ट हा जुन्या गाडीतला सगळ्यात हट्टी भाग. तो बुशच्या आतल्या पोलादी नळीत गंजून एकजीव झालेला असतो. नट सुटतो, बोल्टचं डोकं फिरतंही, पण त्याच्याबरोबर रबरही फिरतं आणि बाहेर काहीच येत नाही. दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. तरीही कापावा लागेल असं धरूनच नवे बोल्ट आणून ठेवा.

गाडी जॅकवर सोडून खाली जायचं नाही. चासीखाली मजबूत स्टँड, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून अडणी, आणि एका वेळी एकच ॲक्सल. जुन्या लँड रोव्हरचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरेन्शियल त्याला मोकळं फिरू देतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. अडणी हा तिथे एकमेव आधार आहे.

यू-बोल्ट नवेच घ्या. ते आवळताना किंचित ताणले जातात आणि त्या ताणावरच पकड असते. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देत नाही. सेंटर बोल्टचं डोकं खाचेत नीट बसलंय हे बोटाने चाचपून मगच आवळायला घ्या, आणि चारही नट आलटून पालटून, टॉर्क पान्याने.

रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळू नका. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं आणि पाटा हलताना ते पिळलं जातं. पाटा लोंबत असताना आवळलं, तर गाडी जमिनीवर येताच ते पिळलेलं राहतं, आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. चाकं जमिनीवर ठेवा, गाडी दोन-चारदा दाबून हलवा, मग शेवटचा टॉर्क द्या. पॉलियुरेथेनचे बुश मोकळे फिरतात, त्यांना हा नियम नाही, पण त्यांना योग्य ग्रीस लागतं, नाहीतर ते किरकिरतात.

गाडी खाली आली की तीच चार मापं पुन्हा घ्या, व्हील अलाइनमेंट करा आणि ती करताना कॅस्टरचा आकडा मागून घ्या. हेडलाइटचा झोत खाली करा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात जाईल. पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर कमी वेगाने घ्या. सरळ रेषेत हात सैल सोडून पाहा, ब्रेक हळू आणि मग जोरात लावून पाहा, खालून नवा आवाज येतो का ऐका. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, कारण पाटे एकमेकांवर बसले की ते ढिले पडतात. त्यानंतर पाचेकशे किलोमीटरला पुन्हा एकदा. स्प्रिंगही या काळात थोड्या बसतात, म्हणून शाफ्टच्या कोनाची पाचर किंवा पॅनहार्ड रॉडची लांबी कायमची पक्की करायची ती यानंतरच.